इंग्रजीत मोडल आणि फ्रेजल क्रियापदे एकाच वाक्यात कशी वापरावीत

‘जुनी पुस्तके तेव्हाच देऊन टाकायला हवी होती’ हे वाक्य मराठी माणूस विचार न करता बोलतो. हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की नवशिका मध्येच अडखळतो, कारण त्याला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘देऊन टाकणे’ या जोडीसाठी इंग्रजीत ‘गिव्ह अवे’ हे फ्रेजल क्रियापद आहे आणि ‘हवी होती’ यातला भाव ‘शुड हॅव’ या मोडल रचनेतून येतो. फ्रेजल क्रियापदे आणि मोडल क्रियापदे बहुतेक अभ्यासक्रमांत दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवली जातात, बोलताना मात्र ती सतत एकत्र येतात. या लेखात त्या एकत्र येण्याचाच क्रमाने विचार केला आहे. इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, कारण या विषयाचा निम्मा भाग कानानेच पक्का होतो.

पहिली पायरी : दोन्ही घटक ओळखणे

मुख्य मोडल क्रियापदे 9 आहेत : कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल आणि वुड. शक्यता, परवानगी, सक्ती, सल्ला, निश्चय, विनंती असे भाव ती वाक्यात आणतात. ‘हॅव टु’, ‘ऑट टु’, ‘यूज्ड टु’ यांसारख्या रचनाही जवळजवळ हेच काम करतात, पण त्यांच्यात ‘टु’ असतो आणि ‘हॅव टु’चे रूप कर्त्याप्रमाणे बदलते. त्या 9 शब्दांचे तसे होत नाही. ‘ही कॅन’ असे म्हणतात, ‘ही कॅन्स’ असे कधीही म्हणत नाहीत.

फ्रेजल क्रियापद म्हणजे एखादे साधे क्रियापद आणि त्याच्या मागे येणारा अप, डाउन, ऑफ, आउट, अवे असा छोटा शब्द. या छोट्या शब्दाला पार्टिकल म्हणतात. दोन्ही मिळून जो अर्थ तयार होतो तो त्यांच्या सुट्या अर्थांच्या बेरजेतून निघेलच असे नाही. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे किंवा हार मानणे. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. ‘बसणे’ म्हणजे बसणे, पण ‘तो किल्ली हरवून बसला’ यात कोणीही कशावर बसलेले नसते. ‘करून टाक’, ‘सांगून ठेव’, ‘निघून जा’ या संयुक्त क्रियापदांत दुसरे क्रियापद मूळ अर्थ सोडून पहिल्याला वेगळी छटा देते. इंग्रजीतला पार्टिकल पुष्कळदा याच जातीचे काम करतो, म्हणूनच ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांचे अर्थ वेगवेगळे पाठ करण्यात वेळ घालवू नये. पूर्ण जोडी एक शब्द समजूनच लक्षात ठेवावी.

दुसरी पायरी : मूळ साचा

साचा असा आहे : आधी कर्ता, मग मोडल, मग क्रियापदाचे मूळ रूप आणि शेवटी पार्टिकल. ‘शी कॅन कॅरी ऑन’, म्हणजे ती पुढे चालू ठेवू शकते. ‘वुई मस्ट फाइंड आउट’, म्हणजे आपल्याला शोधून काढलेच पाहिजे. मोडल आल्यावर मागचे क्रियापद मूळ रूपातच राहते. त्याला ‘एस’ लागत नाही, ‘आयएनजी’ लागत नाही, त्याचे भूतकाळी रूप होत नाही आणि त्याच्याआधी ‘टु’ही येत नाही. ‘शी कॅन कॅरीज ऑन’ किंवा ‘वुई मस्ट टु फाइंड आउट’ ही रूपे चुकीची आहेत. पार्टिकल तर कोणत्याच परिस्थितीत बदलत नाही.

मराठीची सवय इथे आडवी येते. मराठीत शक्यता, सक्ती आणि काळ सांगणारे सगळे शब्द वाक्याच्या शेपटाला असतात : ‘शोधून काढता येईल’, ‘शोधून काढावे लागेल’, ‘शोधून काढायला हवे’. इंग्रजीत हे सगळे ओझे कर्त्याच्या लगेच मागे येते आणि मूळ क्रिया त्यानंतर उच्चारली जाते. त्यामुळे मराठी वाक्य डोक्यात पूर्ण करून मग डावीकडून उजवीकडे भाषांतर करू पाहणारा माणूस अडकतो. वाक्याचे शेपूट आधी उचलावे, हा या संपूर्ण विषयातला माझ्या मते सर्वांत उपयोगी सल्ला आहे. ‘काढता येईल’ असे मनात आले की तोंडातून प्रथम ‘कॅन’ निघाला पाहिजे, ‘फाइंड आउट’ त्याच्या मागून येईल.

याच सवयीतून आणखी एक चूक होते. ‘शकेन’ या एका शब्दात मराठीने सामर्थ्य आणि भविष्यकाळ दोन्ही बसवले आहेत, म्हणून नवशिका ‘आय विल कॅन’ असे म्हणून जातो. प्रमाण इंग्रजीत दोन मोडल शेजारी बसत नाहीत. तिथे ‘आय विल बी एबल टु सॉर्ट इट आउट’ असे म्हणावे लागते आणि संदर्भात ‘उद्या’ आलेलाच असेल तर नुसते ‘आय कॅन सॉर्ट इट आउट टुमॉरो’ हेही पुरते.

तिसरी पायरी : कर्म कुठे बसवायचे

मोडलची जागा ठरलेली आहे, त्यामुळे तिथे डोके चालवावे लागत नाही. खरी कसरत कर्माची आहे, आणि ती करण्यापूर्वी हातातले फ्रेजल क्रियापद कोणत्या गटातले आहे हे माहीत असावे लागते.

काही क्रियापदांना कर्मच नसते. ‘द कार माइट ब्रेक डाउन’, म्हणजे गाडी कदाचित बंद पडेल. ‘यू शुड गेट अप अर्लियर’, म्हणजे तुम्ही याहून लवकर उठायला हवे. इथे काही बसवायचे नाही, म्हणून नवशिक्याने सुरुवात याच गटापासून करावी.

दुसऱ्या गटातली क्रियापदे फुटतात, म्हणजे कर्म क्रियापद आणि पार्टिकल यांच्या मध्ये शिरू शकते. ‘यू शुड टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘यू शुड टर्न द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण कर्माच्या जागी इट, देम, हिम, हर, मी असे सर्वनाम आले की ते मध्येच गेले पाहिजे. ‘यू शुड टर्न इट ऑफ’ हे बरोबर, ‘यू शुड टर्न ऑफ इट’ हे चूक. मराठी भाषकांची ही चूक सर्वांत चिवट असते, कारण ‘टर्न ऑफ’ एकत्र पाठ केलेले असते आणि ती जोडी फोडायला जीभ तयार होत नाही. त्यावर उपाय म्हणजे ही क्रियापदे पाठ करतानाच मध्ये ‘इट’ घालून पाठ करणे : टर्न इट ऑफ, पुट इट ऑफ, फिल इट इन, थ्रो इट अवे, वर्क इट आउट. उलट कर्म लांबलचक असेल तर ते पार्टिकलच्या नंतर ठेवावे. ‘यू मस्ट थ्रो अवे द पेपर्स दॅट यू नो लाँगर नीड’ हे वाक्य सरळ कळते. ‘अवे’ अगदी शेवटी ढकलला तर तो येईपर्यंत ऐकणारा क्रियापदच विसरतो.

तिसऱ्या गटातली क्रियापदे फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा धक्क्यातून सावरणे, ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडणे. यांच्यात सर्वनामही शेवटीच येते : ‘आय कॅन लुक आफ्टर देम’, ‘शी विल गेट ओव्हर इट’. तीन शब्दांची क्रियापदेही याच वागणुकीची असतात. ‘वुई माइट रन आउट ऑव्ह टाइम’, म्हणजे आपला वेळ संपून जाईल की काय. ‘आय कान्ट पुट अप विथ इट’, म्हणजे मला हे सहन होत नाही. कोणते क्रियापद फुटते आणि कोणते फुटत नाही हे नुसत्या रूपावरून खात्रीने ओळखता येत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशांत मात्र उदाहरणे पाहून ते लगेच कळते, म्हणून नवे क्रियापद वहीत उतरवताना अर्थाशेजारी त्याचे एक उदाहरणही उतरवावे.

‘लुक फॉरवर्ड टु’ या क्रियापदापाशी थोडे थांबायला हवे. मोडलनंतर मूळ रूप येते हा नियम ज्याने नुकताच शिकला आहे तो ‘आय विल लुक फॉरवर्ड टु सी यू’ असे लिहितो. नियमाने मागितलेले मूळ रूप म्हणजे ‘लुक’, आणि ते आधीच आलेले आहे. पुढचा ‘टु’ हा शब्दयोगी अव्ययासारखा असल्यामुळे त्याच्यामागे नाम किंवा ‘आयएनजी’चे रूप हवे : ‘आय विल लुक फॉरवर्ड टु सीइंग यू’.

चौथी पायरी : नकार आणि प्रश्न

हा भाग सोपा आहे. नकाराचा ‘नॉट’ मोडलला चिकटतो, फ्रेजल क्रियापदाला हात लावत नाही : ‘यू शुडन्ट पुट इट ऑफ’. प्रश्न करताना फक्त मोडल कर्त्याच्या आधी जाते : ‘शुड वुई कॉल इट ऑफ?’, म्हणजे आपण ते रद्द करावे का? नेव्हर, ऑलवेज, प्रॉबेब्ली यांसारखे शब्द मोडल आणि क्रियापद यांच्या मध्ये बसतात, म्हणून ‘आय विल नेव्हर गिव्ह अप’. उत्तर थोडक्यात द्यायचे असेल तर संपूर्ण फ्रेजल क्रियापद गाळून एकटे मोडल ठेवतात. ‘कॅन यू पिक मी अप?’ या प्रश्नाला ‘यस, आय कॅन’ इतकेच उत्तर पुरे असते. ‘यस, आय कॅन पिक’ हे अर्धवट उत्तर मात्र कानाला खटकते.

पाचवी पायरी : मोडलची निवड

विनंतीपासून सुरुवात करू. मराठीत नम्रता क्रियापदाच्या प्रत्ययात आणि ‘जरा’सारख्या शब्दांत असते. ‘जरा आवाज कमी करता का?’ या वाक्यात कृपया हा शब्द नसला तरी ते उद्धट वाटत नाही. इंग्रजीत ‘टर्न इट डाउन’ हे नुसते वाक्य हुकमासारखे ऐकू येते आणि त्याला ‘प्लीज’ जोडल्यानेही हुकूम पूर्ण मवाळ होत नाही. ‘कॅन यू टर्न इट डाउन?’ हे ओळखीच्या माणसाशी चालते, ‘कुड यू टर्न इट डाउन?’ हे अनोळखी माणसाशी योग्य ठरते. ‘वुड यू माइंड टर्निंग इट डाउन?’ ही रचना त्याहून मऊ आहे. तिच्यात ‘वुड’च्या मागचे मूळ रूप ‘माइंड’ असल्यामुळे फ्रेजल क्रियापद ‘आयएनजी’ घेते. हा प्रश्न शब्दशः ‘तुमची हरकत आहे का?’ असा आहे, म्हणून होकार द्यायचा असेल तर ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणावे. घाईने ‘यस’ म्हटले तर समोरचा क्षणभर बुचकळ्यात पडतो.

आपण होऊन मदत देऊ करायची असेल तर ‘शॅल आय पिक यू अप?’ असे विचारतात, म्हणजे तुम्हाला घ्यायला येऊ का? तिथल्या तिथे घेतलेला निर्णय सांगायला ‘विल’ वापरतात : ‘आय विल फाइंड आउट’, म्हणजे थांबा, मी चौकशी करतो.

सक्तीच्या बाबतीत एक भेद जपावा लागतो. ‘यू मस्ट फिल इट इन’ आणि ‘यू हॅव टु फिल इट इन’ ही वाक्ये अर्थाने जवळची आहेत, परंतु त्यांचे नकार एकमेकांपासून फार दूर जातात. ‘यू मसन्ट फिल इट इन’ म्हणजे तो अर्ज भरायला मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टु फिल इट इन’ म्हणजे भरण्याची गरज नाही, भरला तरी चालेल. मराठीत ‘भरायचा नाही’ आणि ‘भरायला नको’ यांत जे अंतर आहे तेच हे.

‘कुड’बद्दलही एक इशारा द्यायला हवा. एकेकाळी अंगी असलेले सामर्थ्य सांगायला ‘कुड’ चालते, पण एका विशिष्ट प्रसंगी साधलेली गोष्ट सांगताना होकारार्थी वाक्यात ते बसत नाही. खूप प्रयत्नांनंतर काल शेवटी फोन लागला, हे सांगायला ‘आय वॉज एबल टु गेट थ्रू’ किंवा ‘आय मॅनेज्ड टु गेट थ्रू’ असे म्हणतात. लागला नाही असे सांगायचे असेल तर मात्र ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ अगदी बरोबर आहे. गेट थ्रू, वर्क आउट, फाइंड आउट ही क्रियापदे बहुधा अशा साधलेल्या गोष्टींसाठीच वापरली जातात, त्यामुळे हा नियम इथे वारंवार लागतो.

सहावी पायरी : घडून गेलेल्या गोष्टींबद्दल बोलणे

या पायरीवर पुरेसा वेळ द्यावा. मोडलला स्वतःला भूतकाळात नेण्याऐवजी इंग्रजी त्याच्या मागे ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप लावते. मोडल, हॅव, तिसरे रूप, पार्टिकल असा हा क्रम आहे आणि इथला ‘हॅव’ कर्ता ‘ही’ असो वा ‘शी’, कधीही ‘हॅज’ होत नाही. बदल फक्त मूळ क्रियापदात होतो : गिव्हचे गिव्हन, टेकचे टेकन, ब्रेकचे ब्रोकन, कॉलचे कॉल्ड.

मराठीत या रचनांना इतके नेमके पर्याय आहेत की ते एकदा जुळवून ठेवले तर घोकंपट्टीची गरज उरत नाही. ‘करायला हवे होते’ म्हणजे ‘शुड हॅव’. करायचे होते, पण केले नाही, ही खंत किंवा दोष त्यात असतो : ‘वुई शुड हॅव कॉल्ड इट ऑफ’, म्हणजे आपण ते रद्द करायला हवे होते. ‘करता आले असते’ म्हणजे ‘कुड हॅव’ : ‘यू कुड हॅव पिक्ट मी अप’, म्हणजे तुम्हाला मला घ्यायला येता आले असते. या वाक्यात बहुधा तक्रार दडलेली असते, तेव्हा ते जपून वापरावे. ‘केले असते’ म्हणजे ‘वुड हॅव’, आणि त्याच्या आगेमागे सहसा ‘जर’ असतो : ‘आय वुड हॅव टर्न्ड इट डाउन’, म्हणजे मी असतो तर नकार दिला असता. ‘टर्न डाउन’चा अर्थ आवाज कमी करणे असाही होतो आणि प्रस्ताव नाकारणे असाही होतो, मोडलमुळे त्याचा निवाडा होत नाही, तो संदर्भावरूनच करावा लागतो.

अंदाज करण्याचे मोडल यापेक्षा अधिक गंमतीचे आहेत. गाडी अजून आलेली नाही आणि आपण कारण शोधत आहोत. ‘बंद पडली असणार’ असे म्हणताना आपली जवळजवळ खात्री असते, त्याला ‘इट मस्ट हॅव ब्रोकन डाउन’ म्हणतात. ‘बंद पडली असेल’ असे म्हणताना ती निव्वळ शक्यता असते, त्याला ‘इट माइट हॅव ब्रोकन डाउन’ किंवा ‘इट मे हॅव ब्रोकन डाउन’ म्हणतात. ‘बंद पडली असणे शक्यच नाही’ याला ‘इट कान्ट हॅव ब्रोकन डाउन’ म्हणतात. इथे ‘मस्ट’चा नकार म्हणून ‘मसन्ट’ घेण्याचा मोह टाळावा. ‘असणार’ आणि ‘असेल’ यांतला फरक मराठी माणूस कधी चुकत नाही, म्हणून शंका आली की आधी मनातल्या मराठी वाक्याचे शेपूट तपासावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘करावे लागले’ ही प्रत्यक्ष घडलेली सक्ती आहे आणि तिच्यासाठी ‘मस्ट हॅव’ चालत नाही. ‘मस्ट’ला त्या अर्थाचे भूतकाळी रूपच नाही. तिथे ‘हॅड टु’ येते : ‘वुई हॅड टु पुट इट ऑफ’, म्हणजे आम्हाला ते पुढे ढकलावे लागले.

सातवी पायरी : कर्मणी रचना

कोणी केले हे सांगायचे नसेल तेव्हा मोडलनंतर ‘बी’ आणि तिसरे रूप येते : ‘द फॉर्म मस्ट बी फिल्ड इन’, ‘द मॅच मे बी कॉल्ड ऑफ’. कर्म वाक्याच्या सुरुवातीला गेल्यामुळे मागचा पार्टिकल एकटा पडतो, आणि लिहिताना तो गळण्याची चूक इथेच सर्वाधिक होते. ‘द चिल्ड्रन मस्ट बी लुक्ट आफ्टर’ या वाक्यातला ‘आफ्टर’ गाळला तर अर्थच उरत नाही. सूचनापत्रांत आणि औपचारिक पत्रव्यवहारात फ्रेजल क्रियापदाऐवजी एकशब्दी क्रियापद घेण्याचा कल असतो, त्यामुळे ‘पुट ऑफ’च्या जागी ‘पोस्टपोन’ दिसते. बोलताना मात्र दर वेळी ‘पोस्टपोन’ वापरणारा माणूस थोडा पुस्तकी वाटतो.

आठवी पायरी : उच्चार

‘आय कॅन पिक यू अप’ या वाक्यात ‘कॅन’वर जोर देऊ नये. तो जवळजवळ ‘कन’ असा पुसट होतो आणि जोर ‘पिक’ व ‘अप’ यांवर येतो. ‘कान्ट’ मात्र स्पष्ट आणि ठसठशीत उच्चारतात. मराठी भाषक दोन्ही सारख्याच जोराने बोलतात, तेव्हा ऐकणाऱ्याला होकार आहे की नकार हेच कळत नाही, विशेषतः ज्या अमेरिकी उच्चारात ‘कान्ट’चा ‘कॅन्ट’ होतो तिथे. फुटणाऱ्या क्रियापदांत मध्ये सर्वनाम आले की जोर पार्टिकलवर पडतो : टर्न इट ‘ऑफ’. न फुटणाऱ्या ‘लुक आफ्टर’मध्ये तो ‘लुक’वर राहतो. ‘शुड हॅव’चा उच्चार बोलताना ‘शुडव्ह’ होतो, आणि त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेसुद्धा कधी कधी तिथे चुकून ‘ऑव्ह’ लिहितात. ऐकताना तो ‘व्ह’ टिपता आला पाहिजे, लिहिताना मात्र ‘हॅव’ पूर्णच लिहावा.

नववी पायरी : सराव

दिवसाला एकच फ्रेजल क्रियापद घ्यावे आणि ते सगळ्या मोडलमधून फिरवावे. ‘पुट ऑफ’ घेतले तर कॅन वुई पुट इट ऑफ, वुई माइट पुट इट ऑफ, वुई शुडन्ट पुट इट ऑफ, वुई शुड हॅव पुट इट ऑफ, इट मस्ट बी पुट ऑफ, अशी वाक्ये मोठ्याने म्हणावीत आणि प्रत्येकाचे मराठी लगेच सांगावे. ‘पुट’ची तिन्ही रूपे सारखीच असल्यामुळे सुरुवातीला त्याने सोपे जाते, त्यानंतर ‘टेक’ आणि ‘गिव्ह’ यांच्याकडे वळावे. मग उलट दिशेने जावे, म्हणजे मराठी वाक्य घेऊन त्याचे शेपूट आधी उचलावे. अशा सरावासाठी शेवटचे एक अवघड वाक्य घेऊ : ‘त्यांना बैठक पुढे ढकलावी लागली असणार.’ शेवटचा ‘असणार’ प्रथम उचलला की ‘मस्ट हॅव’ मिळते. त्याच्या आधीचा ‘लागली’ म्हणजे ‘हॅड टु’, त्याच्याही आधीचे ‘पुढे ढकलणे’ म्हणजे ‘पुट ऑफ’, आणि बैठकीसाठी ‘इट’ घेतला तर तो मध्ये बसतो : ‘दे मस्ट हॅव हॅड टु पुट इट ऑफ.’